मदत हवी आहे: परभणीच्या उन्हात हायब्रिडची बॅटरी कितपत टिकते?

नमस्कार मंडळी. वापरलेली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी घ्यायचं घरात चाललंय. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस की हायरायडर, हे अजून ठरत नाही. पहिलीत निकेल मेटल हायड्राइड बॅटरी, दुसरीत लिथियम आयन, एवढं कळलंय. मायलेजचं मला फारसं पडलेलं नाही, धास्ती आहे ती उन्हाची. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी पारा बऱ्याचदा ४२-४३ ला टेकतो, आणि माझी गाडी दिवसभर मोंढ्यात पत्र्याच्या शेडबाहेर उभी असते. दुपारी स्टेअरिंगला रुमाल गुंडाळूनच हात लावावा लागतो.

उन्हाने काही होत नाही म्हणणारे दुबईचं उदाहरण देतात. तिथे टोयोटाच्या कॅमरी हायब्रिड टॅक्सी म्हणून धावतात, हे मान्य. पण टॅक्सी चालू असते, एसी चालू असतो. अशा बऱ्याच गाड्यांत पंखा आतलीच हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. गाडी बंद करून उन्हात तापत ठेवली की तो थांबतो, आणि उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते ती होतेच. त्यात आपल्याकडची धूळ! सरकी-कापसाच्या दिवसांत तर पंख्याच्या जाळीवर तंतूंची गादीच बसायची.

नांदेड, जालना, बीडकडं कुणी चार-पाच उन्हाळे हायब्रिड वापरली आहे का? मायलेज उतरलं का? जाळी किती दिवसांनी साफ करता? आणि जुनी गाडी घेताना बॅटरीची तब्येत स्कॅनर लावून तपासून देणारा खात्रीचा माणूस संभाजीनगरात असेल तर सांगा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होताना काही अडचण आली असेल तर तेही लिहा.