अजून 13 महिने, आणि रात्रीचा एक परदेशी सिनेमा

माझी जन्मतारीख 1 जून. खरी नव्हे, गुरुजींनी घातलेली. आई सांगायची, नागपंचमीच्या आसपास झालास, बाहेर धो धो पाऊस होता. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलं आणि ते जन्मभर चिकटलं. राज्य सरकारात निवृत्ती 58 व्या वर्षी, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या 1 तारखेचा, त्याला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच नारळ मिळतो. आमच्या पिढीत गुरुजींची लेकरं एवढी, की 31 मे म्हणजे लग्नाची दाट तीथ. एकाच हॉलात पाच-पाच जणांना शाल-श्रीफळ. पुढच्या वर्षीच्या 31 मेला माझा नंबर.

काम फार आहे म्हणून दमतो असं नाही. काम तेच आहे म्हणून दमतो. टपाल फोडा, आवक क्रमांक टाका, टिपणी लिहून वर पाठवा. ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली येते. चर्चा कुणी करत नाही. आठवड्याने तीच टिपणी नव्या तारखेने वर.

घरी आल्यावर बातम्या नकोत, मालिका नकोत. मराठी सिनेमा लावला की त्यातला मामलेदार खोटा वाटतो, मी चुका काढत बसतो, म्हणजे परत कचेरीच. परदेशी सिनेमात ही कटकट नाही. तिथलं कुणी माझ्या नात्यातलं नाही, कुणाची फाइल माझ्याकडे अडकलेली नाही. भाषा कळत नसल्याने कानालाही सुट्टी. खाली अक्षरं येतात तेवढी वाचायची.

असं समजून एका रात्री कुरोसावाचा 'इकिरू' लावला. 1952 चा, जपानी. आणि त्यात थेट आमचंच ऑफिस निघालं! वातानाबे नावाचे विभागप्रमुख, जवळपास 30 वर्षं एकही रजा न घेता शिक्के मारताहेत. वस्तीतल्या बाया सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात, त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवत शेवटी पहिल्याच खिडकीवर आणून सोडतात. हे सगळे सांगतात. माझ्या डोक्यात बसलं ते वेगळंच. वातानाबे ड्रॉवर उघडतात, आत एक जुनी जाड फाइल, विभागाचं काम कसं सुधारावं याचा त्यांनीच तरुणपणी लिहिलेला प्रस्ताव. त्याचं वरचं पान टरकन फाडतात आणि शिक्क्याची शाई पुसतात. चेहऱ्यावर काही नाही.

मी तिथे सिनेमा थांबवला आणि उठून पाणी प्यायलो.

पुढे त्यांना पोटाचा कॅन्सर निघतो, त्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करायची म्हणून ते एकेका टेबलासमोर जाऊन नुसते बसून राहतात. नंतर शोकसभेत दारू पिऊन सगळे सहकारी शपथा घेतात, आम्हीही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी खिडकीवर तेच. आमच्या निरोप समारंभातली भाषणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे जपानी वाटणार नाही.

तर तुमचं लिहा. नोकरीची शेवटची वर्षं, कंटाळा, आणि तेव्हा बघितलेलं काही. थोर सिनेमाच पाहिजे असं नाही.

ठाणे, बँक

मी सुटलो त्याला दोन वर्षं झाली. 60 पूर्ण. शेवटच्या काळात बँकेचं काम कमी आणि विमा विकणंच जास्त. समोर म्हातारा एफडी मोडायला आला की आधी त्याला पॉलिसी दाखवायची. सकाळी झोनल ऑफिसचा फोन, संध्याकाळी झोनलचा फोन, 'आज किती?' कॅश टॅली न झाल्याने रात्री दहापर्यंत बसलेलो आहे, पण तो थकवा गोड होता. चूक सापडली की आख्खी शाखा मिळून वडापाव खायची. हा थकवा निराळा, लाजेचा.

मी सुचवेन 'अबाउट श्मिट', 2002 चा. जॅक निकल्सन ओमाहातल्या विमा कंपनीत. पहिल्याच दृश्यात रिकाम्या केबिनमध्ये घड्याळाकडे बघत बसलाय, पाच वाजेपर्यंत. सामान खोक्यांत भरून झालंय, तरी पाच वाजल्याशिवाय उठत नाही. निवृत्तीनंतर जुन्या ऑफिसात जातो, नव्या पोराला म्हणतो काही अडलं तर सांग. पोरगा गोड बोलून वाटेला लावतो. बाहेर येतो तर याच्या फाइलींची खोकी कचऱ्याशी ठेवलेली.

मी निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात पासबुक भरून घ्यायला माझ्याच शाखेत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, 'काका, आधार लिंक आहे का?' ती खुर्ची मी स्वतः मागवून घेतली होती, जुनीने कंबर धरायची म्हणून. 'आहे हो' म्हटलं आणि आलो. आता नेटवरच बघतो.

मिरज, परिचारिका

तुमचे सिनेमे वाचूनच दमले. बारा तास वॉर्ड, त्यात एक नातेवाईक तरी अंगावर येतोच. हँडओव्हर देऊन घरी आल्यावर मरणं-बिरणं बघायची ताकद नाही हो. मी कोरियन मालिका बघते. त्यातली माणसं सारखी जेवत असतात, छोट्या छोट्या वाट्यांतून, आणि कुणी मेलं तरी जेवतात. भूक लागते, मी भात लावते, खाते, झोपते. अजून सहा वर्षं आहेत. हा अनुभव चालेल का?

(मूळ लिहिणारा: चालेल म्हणजे काय. भाताला माझाही पाठिंबा.)

नाशिक, गृहिणी

नोकरी केली नाही म्हणून लिहू की नको असं चाललं होतं. आमच्याकडे हे निवृत्त झाले तेव्हा सत्यनारायण घातला, पन्नास पानं जेवली. त्या पन्नास पानांचा स्वयंपाक कुणी केला विचारू नका. त्यांचं रिटायर होणं म्हणजे माझ्या कामात दुपारच्या दोन चहांची भर. सकाळी मी भाजी चिरत असले की मागे उभं राहून म्हणतात, 'बारीक चिर.' पस्तीस वर्षं डब्यात तीच भाजी नेली, तेव्हा कळलं नाही जाड आहे ते!

धाकटी पुण्यात सिनेमाचं शिकते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, आई, हा बघ, तुझ्यासाठी आहे. 'जान दिएलमान' असं काहीतरी लांबलचक नाव, बेल्जियमच्या शांताल आकरमान या बाईने 1975 साली काढलेला. तीन तास वीस मिनिटं. त्यात एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. बस्स. बटाटे सोलते ते सगळे बटाटे संपेपर्यंत आपण बघायचं. खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद करते, दर वेळी. हे पंधरा मिनिटांत उठून गेले. मी मात्र हलले नाही. हात बघत होते तिचे.

दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजून बिघडतात. एवढंच होतं. पण ती ते भांडं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे टाकू, काय करू, आणि मला धडधडायला लागलं. मुलगी म्हणाली, आई, काय झालं? म्हटलं, तिचं आता काही खरं नाही. ती म्हणाली, एवढ्या लवकर कसं कळलं तुला? कळणार नाही तर काय. दूध उतू गेलं त्या दिवशी मी पण अशीच ओट्यापाशी उभी राहिले होते. दुधाचं काही नव्हतं, पण त्या दिवशी दुसरं काही सहन होण्यासारखं उरलं नव्हतं.

त्या बाईकडे दुपारी पुरुष येतात, ते मुलीने आधी सांगितलं नव्हतं. शेवटही सांगितला नव्हता. मी तोही इथे सांगत नाही. पण 2022 मध्ये जगभरच्या जाणकारांनी एका मोठ्या ब्रिटिश मासिकाच्या कौलात याला पहिला नंबर दिला म्हणे. आमच्याकडे पंधरा मिनिटं मिळाली.

गुहागरकडचा, एसटी चालक

मी मुक्कामी गाडीवर असतो. गाव डोंगरात, रात्री साडेनऊला गाडी लावायची, पहाटे साडेपाचला काढायची. देवळाशेजारी खोली आहे, पंखा आहे, रेंज एका कोपऱ्यातच. कंडक्टर पडल्या पडल्या घोरतो. मला गाडी बंद केल्यावर दोन तास झोप येत नाही. डोळे मिटले की घाट दिसतो, समोरून ट्रक येतोय. स्टिअरिंग सोडलं तरी हात धरलेलेच असतात. पाठीचं म्हणाल तर मणक्यात गॅप आहे, डॉक्टर म्हणतो बसू नका. चालकाला सांगतो बसू नका!

भाच्याने मोबाइलवर भरून दिलेल्यात एक 'पॅटरसन' होता. अमेरिकेतला बसचालक, शहराचं नाव पॅटरसन, त्याचंही पॅटरसन. सोमवार ते रविवार, एक आठवडा. गडी डेपोत गाडीत बसून सुटायच्या आधी वहीत कविता लिहितो. मी कविता करत नाही, पण गाडी सुटायच्या आधीची ती पाच मिनिटं मला माहीत आहेत. इंजिन चालू, बेल झालेली नाही, कुणी काही मागत नाही. दिवसातली तेवढीच आपली.

एका दिवशी त्याची गाडी बंद पडते. लोक खाली उतरतात, म्हाताऱ्या विचारतात स्फोट तर होणार नाही ना, तो म्हणतो नाही नाही. फोन जवळ ठेवत नाही, तर एका पोराचा घेऊन डेपोला कळवतो. दुसरी गाडी येते, संपलं. एकानेही शिवी दिली नाही. व्हिडिओ काढला नाही. तिथे मला खरं पटलं की हा परदेश आहे.

शेवटी कुत्रं त्याची वही फाडून टाकतं. नक्कल काढलेली नसते. मला वाईट वाटलं, पण हसूही आलं. आमच्या खोलीत मागच्या पावसाळ्यात वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, उंदराने खाल्लं होतं, त्याचा खुलासा लिहून द्यायला लागला. 'उंदराने' हा शब्द साहेबाने खोडून 'नैसर्गिक कारणाने' लिहायला लावला.

हिंजवडी, वय 41

मी लिहायला पात्र नाही, 58 धरलं तरी 17 वर्षं आहेत आणि आमच्यात 58 पर्यंत कुणी ठेवत नाही. पण रविवारी रात्री पोटात जो गोळा येतो तो तुमच्यासारखाच असावा. सिनेमा मी वीस-वीस मिनिटं बघतो, दीडपट वेगाने. 'इकिरू' असाच बघितला, आठ दिवसांत.

(नाशिकहून: दीडपट वेगाने बटाटे सोललेले बघू नकोस बाबा, तुला काही कळायचं नाही.)

श्टुटगार्ट

इकडे माझ्या वयाच्या, म्हणजे 1964 पासून पुढे जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन 67 व्या वर्षी. जेवणाच्या टेबलावर सहकारी उरलेली वर्षं बोटांवर मोजतात. पण रोज काम संपलं की एक शब्द म्हणतात, फायरआबेंड. त्या शब्दानंतर कामाचं बोलायचं नाही. बरीच वर्षं मला वाटे आपल्याकडे याला शब्द नाही. मग आठवलं, आई शाळेतून आली की पर्स खुंटीला लावून म्हणायची, 'सुटले बाई.'

इथेच मुर्नाऊचा 1924 चा मूकपट बघितला, 'डेर लेट्झ्टे मान'. मोठ्या हॉटेलचा दारवान, सोनेरी बटणांचा लांब कोट. वय झालं म्हणून त्याला खाली स्वच्छतागृहात नेमतात आणि कोट काढून घेतात. तो अंगावरून उतरवतात तेव्हा माणूसच सोलल्यासारखा दिसतो. रात्री तोच कोट चोरून घालून तो घरच्या लग्नाला जातो, चाळीत कळू नये म्हणून. संबंध सिनेमात संवादाच्या पाट्या नाहीत. शेवटाकडे एकच पाटी येते: खरं तर हे इथेच संपायचं, पण लेखकाला दया आली. मग म्हातारा अचानक श्रीमंत होतो. थिएटरात लोक हसले. माझे वडील रेल्वेत होते, निवृत्तीनंतरही काळा कोट इस्त्री करून कपाटात होता. मला हसता आलं नाही.

फोंडा, निवृत्त पोस्टमास्तर

आमचं सोपं आहे. नोव्हेंबरात दोन कामं: हयातीचा दाखला आणि इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. 2004 पासून तो महोत्सव पणजीत आहे, नोकरीत होतो तेव्हा रजा टाकून जायचो, आता बायकोबरोबर कदंब बसने जातो. डबा घेऊन. दिवसाला तीन सिनेमे, त्यातल्या एकात झोप. कुठल्या देशाच्या सिनेमात झोप चांगली लागते याचं आमचं एक गणित आहे, सांगत नाही, भांडणं होतील. परवा दाखल्याला अंगठा मशीनवर उठेना. इतकी वर्षं शिक्के मारून रेषा झिजल्या म्हणे. मग चेहरा दाखवून जिवंत ठरलो. तिथून सरळ रांगेत, रोमानियाच्या सिनेमाला.

(मूळ लिहिणारा, पुन्हा)

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. काल जेवणाच्या सुट्टीत माझं ड्रॉवर उपसलं. सेवापुस्तक वेतन पडताळणीला जायचं आहे, एक जुना वेतननिश्चितीचा आदेश हवा होता. तो सापडला नाही. सापडलं ते: वाळलेलं शाईपॅड, क्रोसिनची मोडकी पट्टी, आणि 1998 सालचं माझ्या अक्षरातलं चार पानी टिपण, अभिलेख कक्षात गठ्ठे वर्षवार कसे लावावेत म्हणून. वर शेरा: 'चर्चा करावी.'

अभिलेख कक्षाची किल्ली नव्या पोराकडे असते. त्याला म्हटलं, उद्या अर्धा तास आहे का? तो म्हणाला, साहेब, तिथे दिवा नाही. बल्ब घेऊन जातोय, 9 वॅटचा.