कार्डाचे पॉइंट फर्मचे की घरचे? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-१०३: काका, लोअर परळच्या गाळ्यासाठी टोनर घेतले. ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४७,२००. कार्डावर ४७२ कॅशबॅक आला, म्हणून अकाउंट लिहिणाऱ्या मुलाने बिलच ४६,७२८ चं टाकलंय. चालेल ना?

सी-५०१, सीए काका: नाही गं, ते आधी बदलून घे. बिल दुकानदाराचं, कॅशबॅक बँकेचा. दुकानदार जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, पूर्ण रक्कमच दाखवणार आणि तुझ्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुझ्या खरेदीच्या टॅक्सच्या यादीत, ७,२०० टॅक्स येणार. खरेदी कमी धरलीस तर ताळा बसणार नाही. बिल पूर्ण टाक, ७,२०० चं टॅक्स क्रेडिटही (भरलेल्या जीएसटीची वजावट) पूर्ण घे. कॅशबॅकची एन्ट्री वेगळी कर: क्रेडिट कार्ड खाते नावे ४७२, इतर उत्पन्न खाते जमा ४७२. म्हणजे कार्डाचं देणं ४६,७२८ उरतं आणि स्टेटमेंटशी जुळतं.

बी-२०४: पण काका, ही सूटच झाली ना? त्यावर कसला टॅक्स?

सी-५०१: घरच्या किराण्यावर मिळाली तर सूटच. इथे टोनरचा पूर्ण खर्च नफ्यातून वजा होतोय, मग परत आलेले ४७२ हिशेबात दिसायलाच हवेत. धंद्यातून मिळालेला लाभ १९६१ च्या आयकर कायद्यातही उत्पन्नातच धरला होता आणि रोख लाभाचा स्पष्ट उल्लेख २०२३ च्या दुरुस्तीने आला.

ए-१०३: आणि पॉइंट? त्यातून यांनी गणपतीला गावी जायची तिकिटं काढली 🙏

सी-५०१: तुझी प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकटीच्या मालकीची फर्म आहे ना? मग सोपं आहे. पॉइंट नुसते साठलेत तोवर लिहू नकोस, ते लॅप्सही होतात. वापरले की त्यांची रुपयातली किंमत लिहायची. तिकिटं घरची, म्हणून उचल खाते (मालकाने घरासाठी काढलेलं) नावे, इतर उत्पन्न जमा. प्रवास खर्चात मात्र अजिबात टाकू नकोस, कळकळीने सांगतोय. उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलीस तर पॉइंट कंपनीचे, डायरेक्टरने परस्पर वापरायचे नाहीत.

डी-३०२: मग सोसायटीच्या लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) पैसे खजिनदारांच्या कार्डावरून जातात, ते पॉइंट कोणाचे?

सी-५०१: ते पदरचे पैसे अडकवून सोसायटीचं काम करतात, त्यांच्याकडे बोट नको. पण बिल लिफ्टवाल्यांचं आणि सोसायटीच्या बँक खात्यातून पैसे मात्र सभासदाला जातात, हे ऑडिटर विचारणारच. खर्च सोसायटीच्या खात्यातून थेट जाऊ दे, पॉइंटचा प्रश्नच उरणार नाही.

बी-१०१, खजिनदार: बरोबर आहे काका. या तिमाहीपासून चेकनेच देतो. सेक्रेटरी साहेब, रविवारी सहीसाठी थांबा.