दंगल अडवताना गेलेल्यांचं स्मारक बेळगावात व्हावं का?

टिळकवाडीकर
काँग्रेस विहिरीच्या परिसरात देशातल्या शांतता राखणाऱ्यांचं स्मारक व्हावं, असं माझं ठाम मत आहे. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन 1924 साली इथेच भरलं. पण मला गांधीजींचा आणखी एक पुतळा नकोय. मला वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी यांची नावं हवीत. 1 जुलै 1946 ला अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगल उसळली. हे दोघे मित्र जमावाला अडवायला गेले आणि दोघेही मारले गेले. वसंतराव मराठी घरातले, तरी इथे किती जणांना ठाऊक आहेत? कानपूरला 1931 च्या दंगलीत लोकांना सोडवताना गणेश शंकर विद्यार्थी गेले, ते तिसरं नाव. लढवय्यांचे पुतळे आपल्या चौकाचौकांत आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. मध्ये पडून जीव देणाऱ्यांसाठी मात्र एक फरशीसुद्धा नाही. नावं मराठी, कन्नड आणि उर्दूत कोरावीत.

हिंडलगा रोड
काका, माणसं मोठीच. पण आत्ता, या गावात नको. जून 1986 मध्ये कन्नड सक्तीविरोधात आमची माणसं गोळीबारात गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, दर 1 जूनला आम्ही तिथे जातो. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या 1956 च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. उताऱ्यासाठी गेलेला माझा शेतकरी बाप कन्नड कागद हातात घेऊन वाचून दाखवणारा शोधत फिरतो. अशा ठिकाणी शांततेचं स्मारक उभं केलं, की 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी नाकारताना अधिकारी त्याच्याकडेच बोट दाखवतील. अन्याय तसाच ठेवून मागितलेली शांतता मला मान्य नाही.

खानापूरची लेक
दादा, उताऱ्याचं दुखणं आमच्याही घरी आहे. पण भांडण पेटलं की भरडतं कोण? फेब्रुवारी 2025 मध्ये कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून दोन्हीकडच्या बस थांबल्या. माझ्या मावशीचं कोल्हापूरच्या दवाखान्यातलं दाखवणं चुकलं. तिची फाइल, औषधांची पिशवी, सगळं दारात भरून ठेवलेलं होतं. त्या वेळी दोन्ही बाजूंना शांत करणारं कुणी पुढे आलं असतं, तर त्याला मी डोक्यावर घेतलं असतं. टिळकवाडीकर काकांना माझा पूर्ण पाठिंबा.

शहापूर पेठ
कल्पना चांगली, पण नावं कोण ठरवणार? राजकारणी ठरवणार असतील तर माझा विरोध. डिसेंबर 2021 आठवा: बंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली, मग इथे अनगोळला कन्नडिगांचे वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची. इथे दगडालासुद्धा बाजू चिकटते. म्हणून कोडगूच्या जनरल थिमय्यांचं नाव सुचवतो. कोरियातल्या युद्धकैद्यांसाठी 1953 मध्ये नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. पुढे सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे प्रमुख असताना 1965 साली तिथेच वारले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात फौजी माणसाचं नाव लोक आपलं मानतील.

टिळकवाडीकर
थिमय्यांचं नाव मला एकदम पटलं. हयात माणसाचं आणि कुठल्याही पक्षाच्या नेत्याचं नाव नको, ही अटही घालू. हिंडलगा रोड, वसंतराव आणि रजब अली गप्प बसणारे नव्हते. जमावासमोर उभं राहायला छाती लागते. तुमच्या हुतात्म्यांचा मान यानं कमी होतो, असं मला अजिबात वाटत नाही.

हिंडलगा रोड
त्यांच्या छातीबद्दल शंका नाही, काका. माझा प्रश्न महापालिकेचा आहे. तिथे मराठी कागद मिळवायला नगरसेवकांना भांडावं लागतं, आणि तीच पालिका मराठीत नावं कोरू देईल? भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्या, हे निवेदन आधी जाऊ दे. स्मारकाचं वेगळं करा, दोन्ही एकात घालू नका. पहिल्याचं उत्तर मराठीत आलं, तर दुसऱ्यावर माझी सही घ्या. तोवर माझा विरोध नोंदवून ठेवा.