केडगावची करुणा निरपेक्ष होती का?

भीमाकाठ : पंडिता रमाबाई इंग्लंडात असताना त्यांना फुलहॅम येथील एक आश्रयगृह पाहायला मिळाले. ज्यांना आपल्याकडे ‘वाया गेलेल्या’ म्हणत उंबऱ्याबाहेर काढले जाई, अशा बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने वागवत होत्या. हे कशापोटी, असे रमाबाईंनी विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीची गोष्ट सांगण्यात आली. यहुदी लोक शेजारच्या शोमरोनी समाजाला विटाळ मानत, त्यांच्याशी भांड्याचाही व्यवहार ठेवत नसत, आणि तरीही येशूने पाच नवरे होऊन गेलेल्या एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागितले. (विटाळ म्हणजे काय, हे शास्त्र्याच्या लेकीला कोणी समजावून सांगायला नको होते.) रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी ‘कृपासदन’ काढले. दारात आलेल्या बाईचे चारित्र्य न विचारणारी ही करुणा मला निरपेक्ष वाटते. आपले मत काय?

सनातन जोशी : चारित्र्य विचारले नाही हे मान्य, पण धर्माचे काय? रमाबाईंनी मुक्तीच्या आधी विधवांसाठी काढलेल्या शारदासदन या शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा ‘केसरी’ने टीका केली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रानडे काही कर्मठ नव्हते. त्यांनाही शब्द मोडल्यासारखे वाटले, यातच काय ते आले.

मावळतीकर : माझे आजोळ दौंड तालुक्यातले. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सासरच्यांनी घालवून दिलेली आजीच्या नात्यातली एक बाई मुक्तीत राहिली होती. आजी सांगायची, की ती सुटीला आली तर तिचे ताट घरात वेगळे ठेवत, आणि ती मात्र छापखान्यात खिळे जुळवून काळी झालेली बोटे सगळ्यांना कौतुकाने दाखवी. जोशीसाहेब, शब्द मोडल्याचा हिशोब मांडताना तो वेगळ्या ताटाचाही मांडावा. शिवाय सदनात गेलेली प्रत्येक जण ख्रिस्ती झाली, असेही नाही. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, ख्रिस्ती झाल्या नाहीत.

सनातन जोशी : ताटाचा मुद्दा मला बोचला, तो नाकारत नाही. परंतु गोदूबाईंचे उदाहरण इथे लागू पडत नाही. त्या शारदासदनात होत्या, त्यांच्या पाठीशी माहेर होते आणि संस्थेवर सल्लागार मंडळाची नजर होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आणलेल्या पोरक्या मुलींचे काय? जिच्यापुढे दुसरे दारच उघडे नाही, तिच्या होकाराला होकार म्हणावे का?

भीमाकाठ : आपला प्रश्न रास्त आहे, आणि ‘निरपेक्ष’ हा शब्द मी घाईने वापरला, हे कबूल करतो. रमाबाईंना मुली ख्रिस्ती व्हाव्यात असे वाटत होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही. मात्र दुसरे दार उघडे नव्हते, हा दोष केडगावच्या माथी मारता येत नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला खरा, पण ‘वाया गेलेल्या’ बाईला तिथेही जागा नव्हती.