मदत हवी आहे: आपल्या जिममधल्या प्लेटा समजणारं वर्कआउट ॲप

फोंडा-म्हापशाकडच्या साध्या जिमला चालेल असं वेट ट्रेनिंगचं ॲप कोणी सुचवेल का? बार २० किलोचा, सर्वांत लहान प्लेट २.५ ची, म्हणजे वजन वाढणार ते ५ किलोनेच. ॲप मात्र ६२.५ लावायला सांगतं. त्याला दोन्ही बाजूंना १.२५ ची प्लेट लागते, ती आणायची कुठून? स्क्वॉटला ५ ची उडी पचते. ओव्हरहेड प्रेसला (बार खांद्यावरून डोक्यावर उचलताना) ४० वरून ४५ म्हणजे साडेबारा टक्के, तिथेच माणूस अडकतो. म्हणून हाताशी असलेल्या प्लेटांची यादी भरता यावी, आणि त्याच वजनावर आधी रेप्स (एका सेटमधल्या उचलण्याच्या खेपा) ५ वरून ८ करून मग वजन वाढवायची सोय असावी. वॉर्मअपचे सेट एकूण व्हॉल्यूममध्ये (उचललेल्या वजनाच्या बेरजेत) धरू नयेत. आणि बटणं मोठी हवीत हो, आपल्या दमट हवेत घामेजलं बोट ८ दाबायला जातं नि ९ उमटतो. फुकटच हवं असं नाही.