अनावरणाला तिरंग्याचा पडदा नको

एकांनी गावातल्या शहीद जवानाच्या स्मारकाचं अनावरण तिरंगा बाजूला सारून करायचं सुचवलं आहे. ते करू नका. पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरणं ध्वजसंहितेत बसत नाही. साधं पांढरं किंवा भगवं कापड घ्या, तिरंगा शेजारी वेगळ्या काठीवर फडकवा. जवानाच्या अंत्यसंस्कारात शवपेटीवरचा ध्वज केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून पांघरतात आणि अग्नी देण्याआधी काढून घेतात. तो चितेत जाळायचा किंवा दफनात पुरायचा नसतो. कुटुंबाकडे तो ध्वज असेल तर कार्यक्रमात तो मागू नका, ती त्यांची वस्तू.

खरी गफलत होते ती नावफलकात. सैन्य क्रमांक, हुद्दा, पलटण आणि तारीख हे सगळं गावात तोंडी सांगतात तसं कोरून मोकळे होतात, आणि मग दगड बदलायची वेळ येते. आधी घरच्यांकडची कागदपत्रं पाहा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळा, मग कोरणाऱ्याच्या कच्च्या नमुन्यावर घरच्यांची सही घ्या. अक्षरं ग्रॅनाइटमध्ये खोल कोरा. नुसती रंगवलेली अक्षरं उन्हापावसात उडतात.

आमंत्रण वीरपत्नीला जातं आणि वीरमाता-वीरपिता राहून जातात, असं फार होतं. दोन्हीकडे स्वतंत्र जा, खुर्च्या पहिल्या रांगेत ठेवा, पुष्पचक्र आधी त्यांच्या हातून वाहा. पुढाऱ्यांची भाषणं त्यानंतर, तीही उन्हात ताटकळवणारी नकोत.