लॉग-ऑफ करताना रोमिंग प्रोफाइल सर्व्हरवर जतन होत नाही

प्रश्न

आमच्या कार्यालयातील सर्व संगणक एका डोमेनला, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरवरून चालणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेले आहेत. कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या जागा बदलत असल्यामुळे सर्वांना रोमिंग प्रोफाइल दिले आहे, म्हणजे प्रत्येकाच्या सेटिंग्ज आणि फाइल्स सर्व्हरवर राहतात आणि तो जेथे लॉग-इन करेल त्या संगणकावर येतात. काही संगणकांवर विंडोज १० आहे, तर काहींवर विंडोज ११. अलीकडे अनेकांची तक्रार येते की आदल्या दिवशी केलेले बदल दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. डेस्कटॉपवरच्या फाइल्स जुन्या रूपात उघडतात, क्रोममधील बुकमार्क दुसऱ्या संगणकावर मिळतच नाहीत आणि काहींना तात्पुरत्या प्रोफाइलने लॉग-इन झाल्याचा संदेश दिसतो. असा संदेश आला की आम्ही त्या संगणकाच्या यूजर्स फोल्डरमधून संबंधित व्यक्तीचे फोल्डर काढून टाकतो, परंतु त्यानंतर तोच संदेश पुन्हा पुन्हा येऊ लागतो. सर्व्हरच्या डिस्कवर जागा पुरेशी आहे. तपास कोठून सुरू करावा?

प्रतिसाद १

आपण सांगितलेल्या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून त्या वेगळ्या करूनच पाहाव्यात.

क्रोमचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. क्रोम आपली माहिती अ‍ॅपडेटा फोल्डरमधील लोकल या भागात ठेवतो आणि रोमिंग प्रोफाइलची रचनाच अशी आहे की लोकल भाग सर्व्हरवर जात नाही, फक्त रोमिंग हा भाग जातो. त्यामुळे प्रोफाइल अगदी व्यवस्थित जतन झाले तरी हे बुकमार्क दुसऱ्या संगणकावर दिसणार नाहीत. त्यासाठी क्रोमच्या ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधील सर्व संगणकांना एकत्र लागू करता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) रोमिंग प्रोफाइलची वेगळी सोय आहे, ती सुरू करावी.

तात्पुरत्या प्रोफाइलचा संदेश वाढण्याचे कारण बहुधा फोल्डर काढण्याच्या पद्धतीत आहे. विंडोज प्रत्येक वापरकर्त्याची नोंद रजिस्ट्रीतील, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या कोठारातील, प्रोफाइललिस्ट या ठिकाणी ठेवते. नुसते फोल्डर काढले तर ती नोंद तशीच राहते, पुढच्या लॉग-इनला विंडोज तिच्या आधारे नसलेले फोल्डर शोधते आणि अखेर तात्पुरते प्रोफाइल देते. प्रोफाइल काढायचेच असेल, तर सिस्टिम प्रॉपर्टीजमधील यूजर प्रोफाइल्स या खिडकीतून काढावे, म्हणजे फोल्डर आणि नोंद दोन्ही एकदम जातात. ज्या संगणकांवर फोल्डर आधीच काढले गेले आहे, तेथे प्रोफाइललिस्टमध्ये त्या वापरकर्त्याच्या एसआयडीची (विंडोजने दिलेल्या ओळख क्रमांकाची) शिल्लक राहिलेली नोंद शोधावी. कधी कधी तिच्या शेवटी ‘.बॅक’ (.bak) जोडलेले आढळते.

खरा प्रश्न उरतो तो डेस्कटॉपचा. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये केलेले काम लॉग-ऑफ होताच नष्ट होते, त्यामुळे काहींच्या तक्रारीचे उत्तर तेथेच मिळेल. इतरांच्या संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनातील अ‍ॅप्लिकेशन लॉग उघडून यूजर प्रोफाइल सर्व्हिसच्या नोंदी वाचाव्यात. १५०४ ही नोंद प्रोफाइल पूर्णपणे जतन झाले नाही एवढेच सांगते, मात्र तिच्या आधी येणाऱ्या १५०९ च्या नोंदीत कोणती फाइल कोठे नेताना अडली, ते नावासकट लिहिलेले असते. ती फाइल हाती लागल्याशिवाय सर्व्हरवरच्या परवानग्या बदलत बसू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. त्याला आणखी एक शक्यता जोडतो. एकच व्यक्ती एकाच वेळी दोन संगणकांवर लॉग-इन असते का, हे पाहावे. एनटीयूझर.डॅट या फाइलमध्ये त्या व्यक्तीच्या सगळ्या रजिस्ट्री सेटिंग्ज असतात आणि ती फाइल अखंडपणे नेली जाते, म्हणून जो संगणक शेवटी लॉग-ऑफ होतो, त्याच्या सेटिंग्ज सर्व्हरवर टिकतात आणि दुसऱ्या संगणकावर केलेले बदल पुसले जातात. अशा वेळी लॉगमध्ये त्रुटीची एकही नोंद नसते. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून पुढे आणि विंडोज ११ मध्येही सर्व्हरवरील फोल्डरच्या नावाला ‘.व्ही६’ असाच शेवट असतो, म्हणजे दोन्हींचे प्रोफाइल एकाच फोल्डरमध्ये राहते, त्यामुळे दोन आवृत्त्यांमुळे प्रोफाइल दुभंगले असण्याची शंका येथे घेण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

प्रोफाइललिस्टमधील शिल्लक नोंदी काढल्यावर तात्पुरत्या प्रोफाइलचा संदेश थांबला आहे. ज्यांच्या डेस्कटॉपची तक्रार होती, त्यांच्या संगणकांवर १५०९ च्या नोंदी सापडल्या आणि फाइलचे नाव फार लांब असल्याचे कारण त्यांत दिले आहे. गोंधळात टाकणारी बाब अशी की त्याच फाइल्स संगणकावर कोणत्याही अडचणीशिवाय उघडतात.

प्रतिसाद १ चे पुढील उत्तर

यात विसंगती नाही. मार्गाची, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतच्या सर्व नावांची मिळून, परंपरागत मर्यादा २६० अक्षरांची आहे. संगणकावर हा मार्ग सी ड्राइव्ह, यूजर्स आणि व्यक्तीचे नाव एवढ्यावर सुरू होतो, तर सर्व्हरवर त्याच फाइलच्या आधी सर्व्हरचे नाव, शेअरचे म्हणजे तेथील सामायिक फोल्डरचे नाव, कदाचित विभागाचे फोल्डर आणि ‘.व्ही६’ लागलेले नाव येते. डेस्कटॉपवर एकात एक फोल्डर ठेवून त्यांना वाक्याएवढी नावे दिली असतील, तर जी फाइल येथे जेमतेम मर्यादेत बसते, ती तेथे बाहेर पडते.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांना फोल्डर रिडायरेक्शन (फोल्डरची जागा सर्व्हरवर वळवण्याची सोय) लावून ते प्रोफाइलमधून बाहेर काढणे. मग त्यांतील फाइल्स थेट सर्व्हरवरच राहतात, लॉग-ऑफच्या वेळी त्यांची नक्कल करावी लागत नाही आणि प्रोफाइल लहान झाल्यामुळे लॉग-इनही लवकर होते. त्यासाठीचा शेअर प्रोफाइलच्या शेअरपासून वेगळा आणि शक्य तितक्या छोट्या नावाचा ठेवावा. प्रोफाइलच्या शेअरवर ऑफलाइन कॅशिंग (सर्व्हरवरील फाइल्सची प्रत संगणकावर ठेवण्याची सोय) बंद आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. रिडायरेक्शन सुरू करण्यापूर्वी लांब नावांची फोल्डरे त्या त्या कर्मचाऱ्याच्या संमतीने लहान करून घ्यावीत, अन्यथा पहिल्या लॉग-इनला फाइल्स हलवताना त्याच फाइल्स पुन्हा अडतील.